चौथ्या कोपऱ्याचा घास

गोधडीसाठी जुनं कापड कल्याणला, आमच्या जुन्या शेजारणीकडे, पाठवायचं म्हणून ठाण्याच्या घरात मी गाठोडं बांधत होते. ह्यांची विरलेली धोतरं, माझं एक लुगडं, सुनेचा आखूड झालेला परकर. लुगड्याचे काठ आधीच उसवून वेगळे गुंडाळले होते, कारण काठासकट कापड पाठवलं की द्वारकाकाकू रागवायच्या. काठ कडक असतो, लेकराच्या अंगाला टोचतो, एवढं कळू नये का तुला, असं म्हणायच्या. गाठ मारतच होते, तेवढ्यात तिथल्या भागीरथीबाईंचा मधला मुलगा कल्याणहून सकाळच्या गाडीनं आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. "काकू गेल्या," तो म्हणाला. "झोपेतच... कुणाला उठवलं पण नाही." मी गाठोड्याकडे बघत राहिले. गाठ पक्की करावी की सोडावी, ते हातांना कळेना.

त्याला आता महिना होऊन गेला. मी काही लिहिणारी बाई नव्हे. तिसरं पुस्तक अर्धं झालं आणि माझं लग्न ठरलं, पाटी धाकट्या भावाकडे गेली. ह्या लिहिण्यातली अक्षरं माझ्या मुलानं, केरूनं, नीट करून दिली आहेत, बोलणं मात्र माझंच ठेवलंय. काकूंना तर अक्षरओळखही नव्हती. पण छापलेला कागद त्यांनी कधी चुलीत जाऊ दिला नाही. जुने अंक भिजवून, मेथीच्या पिठात कालवून त्याचा लगदा करायच्या आणि भोकं पडलेल्या सुपांना लिंपायच्या. आळीतल्या निम्म्या सुपांवर बातम्या होत्या. त्यांच्याविषयी छापून यावं असं मला वाटलं, त्यात हेही एक कारण आहे. वाचून झाल्यावर हा कागद कुणाच्या तरी सुपाला लागला, तर त्यांना आवडेल.

मी कल्याणला आले ती खानदेशातून. ह्यांना मालधक्क्यावर नोकरी लागली आणि रेल्वेनं मला एका दिवसात अशा मुलखात आणून टाकलं, जिथं तिन्ही त्रिकाळ भात आणि हवा अशी ओली, की मीठ भांड्यात पाझरायचं. माझी आई लग्नाआधीच गेलेली, गावाकडे वडील आणि भाऊ. रडू आलं तर कुणाच्या गळ्यात पडायचं, हाच प्रश्न. तळ्याच्या वाटेवर द्वारकाकाकूंचं दोन खणांचं घर होतं आणि त्याला लागून आमची भाड्याची खोली. काकू तरुणपणीच विधवा झालेल्या, मूलबाळ नाही, अंगावर तांबडं आलवण, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं सामान उतरताना बघितलं आणि विचारलं, "खानदेशीण, एवढ्या ट्रंका कशाला गं? माणसं दोन आणि पेट्या पाच?" मला राग आला होता. भीतीही वाटली होती, की ही बाई आता रोज बोलणार.

त्या रोजच बोलायच्या, पण माझ्याशी कमी आणि वस्तूंशी जास्त. आळीत दसऱ्याआधी सगळ्याच घरी धुणं निघायचं, उतरंडी खाली यायच्या, गाद्या उन्हात पडायच्या. काकूंच्याकडे मात्र घरच रिकामं व्हायचं. सुईपासून पाट्यापर्यंत सगळं अंगणात. मग त्या एकेक वस्तू हातात घेऊन तिलाच विचारायच्या, "बोल गं बये, तुझं काय करू?" आणि थोडा वेळ खरंच वाट बघायच्या. तांब्याचं भांडं चेपलेलं असलं तर ते तांबटाकडे, कल्हई उडालेली पातेली कल्हईवाल्याची भट्टी दारात आली की तिच्याकडे, गादीतला दबलेला कापूस पिंजाऱ्याकडे. घासलेटचा रिकामा डबा वरून कापला की त्याचा पाण्याचा डबा व्हायचा, तो गंजला की तळाला भोकं पाडून त्यात पुदिना. लुगडं विरलं की परकर, परकर विरला की दुपटं, मग गोधडी, मग गाळणं, मग पोतेरं, आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की पलित्याला. ह्यातलं सगळं काही त्या स्वतः करत नसत. कुणाला काय लागणार आहे हे त्यांना ठाऊक असे, एवढंच. ती वस्तू त्या माणसाच्या दारात संध्याकाळपर्यंत पोचलेली असायची.

त्यांना पाहून कुणाला वाटेल, की बाई साठवणारी होती. तसं मुळीच नव्हतं. त्यांच्या घरात आळीतल्या कुणाहीपेक्षा कमी सामान असायचं. वस्तू नुसती पडून राहिली की त्यांनाच गुदमरल्यासारखं व्हायचं. सोवळं फक्त स्वयंपाकघरापुरतं होतं. अंगणात दुनियेच्या चिंध्या निवडायच्या आणि आत जाण्याआधी विहिरीवर आंघोळ करायची, मग ती दिवसातून कितीदाही होवो. पिंजारी त्यांना म्हणायचा, काकू, तुमच्या विहिरीचं पाणी तुमच्या आंघोळींनीच आटतंय. त्या म्हणायच्या, तुझ्या दाढीतला कापूस काढला तर माझी एक उशी होईल, ते बघ आधी.

माझ्या पहिल्या दोन्ही मुली बारशाआधीच गेल्या. त्याविषयी मी जास्त लिहिणार नाही... त्यांच्यासाठी शिवलेली झबली, टोपरी, एक कुंची, सगळं मी एका पेटीत घालून ठेवलं होतं. दुसरी गेली त्या वर्षी दसऱ्याचं धुणं काढायला काकू आमच्या खोलीत आल्या. ह्यांच्या कामावर जाण्याच्या वेळेनंतरच त्या यायच्या. सगळं सामान अंगणात गेलं, ती पेटी तेवढी कोपऱ्यात राहिली. काकूंनी ती उघडली, आणि त्या दिवशी त्यांनी वस्तूंना काही विचारलं नाही. झाकण पुन्हा लावलं, माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे आज राहू दे. पुढच्या दसऱ्याला विचारीन." पुढच्या दसऱ्याला त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्या निघून गेल्या. त्यानंतरच्या दसऱ्याला मी तिसऱ्यांदा गरोदर होते आणि रात्रंदिवस भीतीनं अर्धी झाले होते. मीच पेटी ओढत त्यांच्या अंगणात नेली. म्हटलं, कुणाला देऊ नका, जाळू पण नका, पण माझ्या खोलीत आता हे नको. काकूंनी ते कपडे उसवले नाहीत. आहेत तसे, बाह्या पसरून, दोन लुगड्यांच्या थरांमध्ये ठेवले आणि बारीक धावदोऱ्यानं टाचत गेल्या. वरून काही दिसत नाही, हात फिरवला की कळतं, इथं बाही आहे, इथं टोपऱ्याची कड. "ही लेकराला नाही हं," त्या म्हणाल्या. "ही तुला. तू निजायचंस यावर." मी अजून तिच्यावरच निजते.

ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिच्या पुढच्या लेकराला नवं कापड लावायचं नाही, ही रीत आमच्याकडेही होती आणि इथंही होती. पाच लेकुरवाळ्यांच्या घरून जुनं कापड मागून आणायचं. बाराव्या दिवशी मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, म्हणजे हे टाकलेलं पोर आहे, कुणाच्या नजरेत भरायचं नाही. मग ठरलेल्या लेकुरवाळीनं ते उचलायचं आणि आईनं तिच्याकडून मूठभर कोंड्याला विकत घ्यायचं. पाच घरांची कापडं काकूंनीच सुचवली, कुणाचं कापड मऊ, कुणाकडचं स्वच्छ, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार. पण मागायला त्या स्वतः गेल्या नाहीत. सुईणीला पाठवलं. सूपही त्यांनीच लिंपून दिलं, तेही सुईणीच्या हातून. अशा कामात आपण समोर येऊ नये, असं त्या मानत, आणि आळीही मानत होती. कुठल्याही लेकराच्या गोधडीत त्यांनी आपल्या आलवणाची चिंधीसुद्धा कधी घातली नव्हती.

मूल उचलायला भागीरथीबाई ठरल्या होत्या. सात मुलं, सातही धडधाकट. राहायला बाजारपेठेच्या पलीकडे. सुईणीनं त्यांना बजावलं होतं, की घरातून निघाल्यापासून मूल हातात घेईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, बोललात तर परत घरी जाऊन चूळ भरायची आणि पुन्हा निघायचं. आता भागीरथीबाईंना ओळखणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही, की हे काम सात मुलं वाढवण्यापेक्षा त्यांना अवघड होतं. पण त्या वेळी हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

थंडीचे दिवस होते. सुईणीनं सूप उचललं आणि राखेच्या ढिगावर नेऊन ठेवलं. ढीग आमच्या खोलीच्या मागेच होता, पण आईनं बघायचं नसतं, म्हणून मी खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. पोर रडायला लागलं. मला वाटलं, आता भागीरथीबाई येतील. ते रडत राहिलं. सुईण बाहेर येरझाऱ्या घालत होती, पण तिनंही हात लावायचा नव्हता, तिनंच ठेवलेलं. कावळा ओरडल्याचं ऐकू आलं, ती हाड हाड करून धावली. पोराचा आवाज चिरका झाला, मग तुटक... मग थांबला. ज्यांनी कधी लेकरू गमावलेलं नाही, त्यांना रडणं थांबलं की बरं वाटतं. मी दोन्ही हातांनी जमीन धरली.

तेवढ्यात शेजारच्या दाराची कडी वाजली. काकूंनी त्या दिवशी स्वतःहून दार लावून घेतलं होतं. सुईण दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही नको. भागीरथीबाई येतायत, येतीलच." काकूंची पावलं थांबली नाहीत. राखेवर पाय पडला की कसा आवाज येतो, तसा आला. मग त्यांचं बोलणं, अगदी रोजच्यासारखं, जणू विहिरीवर उभ्या आहेत:

"अगं, उकिरड्यावर पडलेलं मी आजवर कधी सोडलंय का?"

आणि पोर पुन्हा रडलं. मोठ्यानं, रागानं. त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. केरू त्यांच्या तांबड्या पदरात गुंडाळलेला, नाकाच्या शेंड्यावर राख. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गार पडला होता. मला दुसरं काही सुचलं नाही... कोंडा दे आणि तुझं लेकरू घे." मी कोंड्याची मूठ त्यांच्या ओंजळीत टाकली आणि पोर घेतलं. त्याच्या अंगाला त्यांच्या पदराची ऊब होती.

भागीरथीबाई आल्या त्या नंतर. रिकाम्या सुपाकडे डोळे फाडून बघताहेत, सुईणीला हातवारे करून विचारताहेत, कपाळावर हात मारताहेत, पण तोंडातून शब्द नाही. सुईण म्हणाली, "बोला आता बाई, झालं सगळं." मग जो बांध फुटला... पहिल्यांदा निघाल्या तर भाताच्या वखारीवाल्यानं विचारलं, वहिनी कुठं एवढ्या सकाळी, आणि तोंडातून उत्तर निघून गेलं. परत जाऊन चूळ भरली. दुसऱ्यांदा अगदी आमच्या आळीच्या तोंडाशी आल्या, तर पनवेलहून आलेले दीर समोर. दिराशी बोलायचं नाही म्हणजे घरात भांडण. पुन्हा परत. "तिसऱ्या वेळेला मी मेली पदराचा बोळा तोंडात कोंबून आले बघा," त्या म्हणाल्या. मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले. काकू मात्र तिथं नव्हत्या. विहिरीवरून बादलीचा आवाज येत होता. कोंड्यात गूळ कालवून त्यांनी तो शेजारच्या गाईला चारला, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आळीत कुजबुज झाली. लेकुरवाळीच्या जागी कोणाचा हात लागला, असं. ती माझ्यापर्यंत आली तशी काकूंच्याही कानावर गेली असणार. पुढच्या वर्षी केरूला गोवर निघाला. ताप उतरेना, डोळे उघडेना. सगळी आळी येऊन गेली आणि काकू तेवढ्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पाणी आणायला मागच्या दारानं बाहेर आले, तर त्या आमच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या. आतलं ऐकू यावं म्हणून, खिडकीखाली. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. मला बघून उठायला लागल्या, जमलं नाही. त्या कधी कुणासमोर रडल्या नव्हत्या.

"माझ्या पदराचं तर लागलं नसेल ना गं त्याला?"

मी भित्री बाई आहे. पाल चुकचुकली तरी माझा पाय अडतो. पण त्या वेळी मला ह्या गोष्टीची भीती वाटली नाही, ती का, ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, "काकू, पाच घरांनी जुनेर दिलं ते घडी करून दिलं. तो गार पडला होता तेव्हा कुणी आलं नाही. तुम्ही आत चला." त्यांना हाताला धरून आत आणलं, बसवलं आणि केरूला त्यांच्या मांडीवर, त्या आलवणावरच ठेवलं. त्यांनी हात अंगाशी घेतले होते. मग हळूहळू खाली आणले. गोवर आपल्या दिवसांनी उतरला. पण पुढच्या तीन रात्री काकूंनी मांडी हलवली नाही.

केरूला शाळेत मास्तरांनी केशव केलं, कचेरीतही तो केशवच आहे. काकूंपुढे मात्र केरू, आणि त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. लहानपणी भांडण झालं की तो मला सांगायचा, मी तुझा नाहीच, मी काकूंना सापडलोय. काकू म्हणायच्या, सापडलास, पण विकला पण ना तुला, आता माल परत घेत नाही. त्याची ठाण्याला नोकरी झाली, आम्हीही सगळे इकडे आलो. तरी दर दसऱ्याच्या आधी मी कल्याणला जायचे, त्यांच्या अंगणात बसायचे, वस्तू हातात द्यायचे. ह्या वर्षी सून गरोदर, म्हणून काकूंनी स्वतःहूनच गोधडी घेतली होती. नजर मंदावलेली, सुईत दोरा मी ओवून द्यायचा. गोधडीच्या चारी कोपऱ्यांना कापडाचे त्रिकोणी तुकडे दुमडून लावतात, त्याला घास म्हणतात. गोधडी उपाशी पाठवायची नसते. मी सहज म्हटलं, काकू, एक घास तुमच्या कापडाचा लावा ना. त्यांची सुई थांबली. "माझं नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या केरूला लागलं ते थंडीमुळे. ह्या पोराला कशाला." मी हट्ट केला नाही. निघताना त्या दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, पुढच्या वेळी कापड आण, पण काठ काढून आण. ती शेवटची भेट.

त्या गेल्याचं कळलं त्याच दिवशी आम्ही कल्याणला गेलो. क्रियाकर्म त्यांच्या एका पुतण्यांनी केलं, सज्जन माणूस. काकूंचं घर आवरायला चार दिवस लागतील म्हणून ते रजा काढून आले होते. आवरायला काही निघालंच नाही. दोन भांडी, एक पाट, पांघरूण, देवांचा संपुष्ट, दिवा. बाकीचं सगळं ज्याचं त्याच्या घरी आधीच पोचलेलं. पुतणे रिकाम्या फडताळासमोर उभे राहून म्हणाले, मी समजत होतो काकूकडे खूप अडगळ असेल. कोपऱ्यात गोधडी घडी करून ठेवलेली होती. तीन कोपऱ्यांना घास होते. चौथा तसाच. आणि दांडीवर धुतलेलं आलवण, वाळलेलं. पुतण्यांनी ते काठीनं खाली घेतलं आणि घुटमळले. म्हणाले, "ह्याचं काय करायचं? हे कोण घेणार?"

मी हात पुढे केला.

केरू बाहेर राखेच्या ढिगापाशी उभा होता. तिथं आता ढीग फारसा नाही, गवत आलंय. त्यानं कुणालाही न विचारता मिशी उतरवली होती. सुतक त्याला लागत नाही, नातंच नाही.

ठाण्याला येऊन मी चौथा घास शिवला. तांबड्या कापडाचा तुकडा, चौपदरी करून, काकू घालायच्या तसाच बारीक टाका. त्यांनी नको म्हटलं होतं, हे मला आठवत होतं. उभ्या जन्मात त्यांचं हे एकच सांगणं मी ऐकलं नाही. गेल्या आठवड्यात नात झाली. गोधडी अंथरताना सुनेनं तो कोपरा बघितला, बोटानं चाचपला. तिला आलवणाचा रंग ओळखता येतो. तिनं माझ्याकडे बघितलं, मग केरूकडे. केरू म्हणाला, "तो कोपरा तोंडाकडे येऊ दे," आणि गोधडी फिरवून घातली.

गोधडीचे कोपरे आधी झिजतात, मधलं अंग पुष्कळ वर्षं टिकतं. हा घास विरला की बदलायला हवा, म्हणून बाकीचं आलवण मी धुऊन, घडी करून ठेवलंय. काठ काढलेत.